समोर आहे तेच

२ फेब्रुवारी, सोमवार

खुर्ची! आणि तीही जलरंगात!

सरपंचांचं माझ्याशी काय वैर आहे कळत नाही. चार पाय, एक पाठ, आणि चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकलेले दाखवायचे. हे सुताराला साधत नाही, मला कुठून साधणार? मागच्या आठवड्यात किल्ली होती, पेन्सिलीत. ती तरी बरी उतरली होती माझ्या मते. खाली एका बाईंनी लिहिलंसुद्धा — 'मासा छान.'

असो. नियम इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कुरकुर करताना सोयीचं. मंडळाचं नाव 'समोर'. सगळा कारभार इंटरनेटवर. दर सोमवारी सरपंच एक शब्द आणि एक माध्यम टाकतात — कधी शाई, कधी खडू, कधी कातरलेला कागद. रविवारी संध्याकाळपर्यंत चित्र काढायचं, फोटो चढवायचा. अट एकच : समोर आहे तेच काढायचं. फोटोवरून नाही, आठवणीतून नाही, मनातून तर मुळीच नाही. आमच्या नैयायिकांनी खरं जाणून घ्यायचे चार मार्ग सांगितलेत — डोळ्यांनी दिसतं ते प्रत्यक्ष, खुणेवरून ताडायचं ते अनुमान, सारखेपणावरून ओळखायचं ते उपमान, आणि भरवशाच्या माणसाचा शब्द. सरपंच पहिल्यावरच बसकण मारून बसलेत. उरलेल्या तिघांना त्यांच्या चावडीत प्रवेश नाही.

('सरपंच' हे माझंच नामकरण. खरं नाव कुणालाच माहीत नाही. चेहऱ्याच्या जागी एक झिजलेलं खोडरबर आहे.)

यात मला ढकललं ते बायकोने. ती समुद्रापलीकडे, खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. कराराची दोन वर्षं आता संपत आली. निघताना म्हणाली, "फोनवर आपण काय बोलणार, पंडित? जेवलास का, झोपलास का, गोळी घेतलीस का. त्यापेक्षा तूही ये 'समोर'मध्ये. तुझ्यासमोर काय आहे ते मला दिसेल, माझ्यासमोरचं तुला."

"मला चित्र येत नाही."

"म्हणून तर! येत असतं तर थापा मारल्या असत्यास."

४ फेब्रुवारी, बुधवार

ग्रंथालयात आमच्या हस्तलिखितांच्या खोलीत माणसं दोनच. मी पोथ्यांची वर्णनं लिहितो, बाइंडर त्यांची हाडं सांधतो. मधल्या सुट्टीत मी खुर्चीचा सराव करत होतो. तो खळीचा ब्रश हातात घेऊन मागे येऊन उभा.

"शास्त्रीबुवा, गाय का?"

"खुर्ची."

"मग बरोबर. गायीला इतके पाय नसतात."

पण जाताना जाड, खरबरीत कागदाच्या पट्ट्या टेबलावर ठेवून गेला. "यावर पाणी पसरत नाही," म्हणाला. माणूस जिभेने कापतो आणि हाताने चिकटवतो. धंद्याचाच गुण असावा.

८ फेब्रुवारी, रविवार

नाचक्की!

सकाळपासून बसलो होतो. खिडकीजवळची खुर्ची, तिची. पाय टेकले एकदाचे. ऊनसुद्धा उतरलं — पिवळ्यात थोडा चुकून पडलेला जांभळा, आणि एकदम ऊन! मग पाठ काढायला घेतली. ती इतकी उघडीबोडकी दिसायला लागली की हात आपोआप तांबड्याकडे गेला आणि पाठीवर शाल आली. तिची, विटकरी काठाची. चढवलं चित्र.

चहा निवायच्या आत तिचं उत्तर, चारचौघांत :

'शाल माझ्या अंगावर आहे, पंडित. खोटं काढतोस.'

पाठोपाठ सरपंच : 'शाल समोर होती का? होय किंवा नाही.'

मी लिहिलं, 'होती. एके काळी.'

'चित्र उतरवत आहे.'

उतरवलंच. सगळ्या मंडळासमोर माझ्या खुर्चीची जप्ती!

मला सरपंचांशी वाद घालायचा होता. आमच्या शास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानलाय. रिकाम्या जमिनीकडे पाहून 'इथे घडा नाही' हे डोळ्यांना दिसतं, असं मोठमोठी डोकी लिहून गेलीत. घडा नाही हे दिसत असेल तर शाल नाही हे का दिसू नये? आणि जे दिसतं ते काढायचं नाही तर काय करायचं?

समोर आहे तेच काढायचं — कबूल. पण समोर नाही ते ठेवायचं कुठे?

९ फेब्रुवारी, सोमवार

कप. शाईत, टाकाने. म्हणजे खोडाखोड बंद. सरपंचांनी माझं चारित्र्य ओळखलेलं दिसतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणीचा फोन. बायकोची धाकटी बहीण; दुसऱ्या गावी असते, स्वतः एक रेघ ओढत नाही, पण 'समोर'वरचं एकही चित्र चुकवत नाही.

"भावोजी, शालीचा निकाल लागला म्हणे तुमच्या!"

"अपील करणार आहे."

"ताई काय हसली माहितीय? हसता हसता मग गप्पच झाली."

"गप्प का?"

"ते मला काय विचारता? तुमची बायको."

१५ फेब्रुवारी, रविवार

माझा कप : कान तुटका, त्यात शाईचा मोठा थेंब पडला. प्रतिक्रिया एकच. 'वटवाघूळ का?'

तिचा कप बघण्यासारखा. नव्हे — तिचे कप. दोन!

तिच्या खोलीतलं लोखंडी टेबल मला आता माझ्या टेबलाइतकं पाठ आहे. त्याच्या कडेचा पोचा, खिडकीतून दिसणारे नळांचे विळखे, भिंतीवरचं घड्याळ. तिथे आजवर कप एकच होता, निळ्या काठाचा. आज शेजारी दुसरा — उंच, पुरुषी. तळाशी चहाचा डाग. दोघांचे कान एकमेकांकडे वळलेले, गप्पा मारत असल्यासारखे.

पर्वतावर धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे अनुमानाचं शाळकरी उदाहरण. टेबलावर दोन कप दिसले की काय समजावं?

कागदा, हसू नकोस. तू कोरा आहेस म्हणून तुला सुचतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चपला. खडूत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फोन लागला. पलीकडे वारा, आणि वाऱ्यात कुठेतरी ती.

"कंपनी म्हणतेय आणखी तीन वर्षं थांबा. मार्चच्या मध्याला करार संपतो, त्याच्या आत सांगायचंय."

"मग?"

"मग तू बोल."

"मी काय बोलणार? काम तुझं. तुझं तू ठरव."

तिने विषय बदलला.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

मी बरोबरच बोललो. इथे असताना ती एका कचेरीत दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासायची, स्वल्पविराम तपासावेत तसे. तिथे तिने मान डोलावली की एका अख्ख्या गावाच्या नळांना पाणी येतं. कारखान्याच्या पाण्याबद्दल तिने एकदा लिहिलं होतं, 'या पाण्याला स्वतःची चव नाही, त्यामुळे रंग खोटं बोलत नाही.' इतकं सुखाचं वाक्य मी तिच्या तोंडून लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. अशा बाईला 'ये, मला करमत नाही' म्हणणं म्हणजे वाहत्या नळाला तळहात लावणं.

मला करमत नाही. हे इथे लिहितो. इथे नळ नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

बूट!

तिच्या चपला ओळखीच्या — अंगठा झिजलेला, पट्टा शिवलेला. इथल्याच चांभाराकडचा टाका. आणि त्यांच्या शेजारी, दाराशी, बूट. काळे, रुंद, जहाजाएवढे. खडू असा घासलाय की चामड्याचा वास यावा.

हे पाऊल आपल्या घरातलं नाही. आपल्या घरात पाय माझेच दोन.

माझ्याआधी सरपंचांनीच विचारलं, 'शब्द चपला होता. बूट का?'

तिचं उत्तर : 'समोर होते म्हणून काढले.'

सरपंच खूश! अंगठा वर! नियम पाळणाऱ्यांवर यांचा फार जीव.

(माझ्या चपलांना कुणीतरी 'दोन होड्या, संध्याकाळ' असं नाव दिलंय. मी खोडून काढलं नाही. संध्याकाळ होतीच.)

२३ फेब्रुवारी, सोमवार

खिडकी. कोलाज — कागद कातरून, चिकटवून.

बाइंडरला कप आणि बुटांची हकिकत सांगितली. का सांगितली देव जाणे. त्याने डिंक ढवळायचं थांबवलं, डॉक्टरसारखा चेहरा केला.

"बूट कुठे आहेत? दारात की पलंगाखाली?"

"दारात."

"मग चहा पिऊन गेला. पलंगाखाली असते तर पोथी वेगळी."

"तू न्यायशास्त्र शिकला असतास तर मोठा माणूस झाला असतास."

"आणि तुमच्या पोथ्या कुणी बांधल्या असत्या?"

मत्सर म्हणतात तो मला झालाय का? प्रामाणिकपणे चाचपून पाहिलं. नाही. बुटांचा राग नाही मला. बुटांचा हेवा आहे. ते तिच्या दारात आहेत.

१ मार्च, रविवार

आज काहीतरी झालं. नीट लिहायला हवं.

गेल्या वर्षी मी तिला कागदांचं एक पुडकं धाडलं होतं. बाइंडर पोथ्यांच्या पुठ्ठ्यांना आतून निळा कागद लावतो, त्याच्या उरलेल्या पट्ट्या, हातरुमालाएवढ्या. वापरलेत का, असं मी कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आज तिची खिडकी. चौकट वर्तमानपत्राची, नळ करड्या पाकिटाचे कातरलेले. आणि आकाश सगळं निळं — आमच्या त्या निळ्याचं! पट्टीला पट्टी लावून, सांधे दिसू देत. एका कोपऱ्यात बाइंडरच्या पेन्सिलीचा आकडासुद्धा तसाच ठेवलाय.

म्हणजे माझा कागद तिच्या खिडकीबाहेर पसरलाय. ती सकाळी उठते आणि आधी मला बघते — असा अर्थ काढायचा नसतो, ठाऊक आहे. समोर आहे तेच बघायचं. पण मी बराच वेळ बघत बसलो. डाळ करपली.

फोन करावासा वाटला. मग काय बोलणार? जेवलीस का.

२ मार्च, सोमवार

पाणी. माध्यम आपापलं. सरपंच मऊ पडले की काय!

४ मार्च, बुधवार

फोन. आज वारा कमी होता. त्यामुळे सगळं ऐकू आलं, ते एक वाईटच.

"मान वर करायला वेळ नाही रे. नव्या माणसाला काम शिकवतेय. बूट बघितलेस ना त्याचे? होड्या नुसत्या! टक्कल तुझ्यापेक्षा मोठं. चहा घेताना रोज नातवाचे फोटो दाखवतो."

"अच्छा! तो होय!"

"का? तुला कोण वाटलं?"

"मला कुठे काय वाटलं?"

हसली. इतकी हसली की फोन खरखरला. "पंडित, तू बूट मोजत बसलास होय!"

मीही हसलो.

"तू काही म्हणत नाहीस," ती म्हणाली.

"म्हटलं की. तुझं तू ठरव."

"ते ऐकलं. ते तू भाजीवालीलाही म्हणतोस. एक शब्द तरी बोल. कोशभर शब्द येतात तुला."

"कोणता?"

"तो मीच सांगू? मग तो तुझा कसला?"

आणि लाइन गेली. गेली की ठेवला, कळायला मार्ग नाही.

कपांचा आणि बुटांचा उलगडा झाला म्हणून मोकळं वाटायला हवं. पण डोकं गप्प बसेल तर ना! तिच्या हाताखाली माणूस दिलाय. म्हणजे तिला वर चढवताहेत. म्हणजे मुक्काम वाढला. बाइंडरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुम्हाला धूर दिसला की तुम्ही थेट तेराव्याच्या तयारीला लागता."

६ मार्च, शुक्रवार

तो शब्द मला येतो. चार वर्षांच्या पोराला येतो. अक्षर एक, मात्रा एक. तोंडात घोळवतो आणि गिळतो.

८ मार्च, रविवार

आज चित्र काढायच्या आधी टेबल पुसलं. तिच्या बाजूची वर्तमानपत्रांची चळत उचलली. (त्या चळतीखाली टेबलाचा रंग अजून मूळचा आहे.) तिची खुर्ची खिडकीजवळून आणून तिच्या जागी लावली. मांडणीतून तिचा पेला काढला, काचेचा, बुडाशी हिरवी झाक असलेला. धुतला. भरला. माझा पेला माझ्यासमोर. मध्ये तांब्या.

मग काढलं. पाण्यानेच पाणी. रंग अगदी थोडा, काचेच्या कडेपुरता. बाकी कागद कोरा सोडला. पाणी म्हणजे मुख्यतः न रंगवलेला कागदच, हे मला इतक्या उशिरा कळलं! माझं पहिलं चित्र, ज्यात वस्तू ओळखू येतात.

समोर होतं तेच काढलं. आधी समोर मांडलं, मग काढलं. नियमात तसं करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

खाली ओळ लिहायची मुभा असते. मी लिहिली : 'तुझा पेला भरून ठेवलाय.'

सरपंच लगेच : 'घरात दोघं आहात का? दुसरा पेला कुणाचा?'

मी : 'समोर होता म्हणून काढला.'

खोडरबराने नियम पुन्हा वाचून काढले असावेत. मग : 'मान्य.'

तिचं चित्र आलं नाही. संध्याकाळ झाली, यादी बंद झाली. दोन वर्षांत तिने एकही आठवडा चुकवलेला नाही. तापात असतानासुद्धा थर्मामीटर काढून पाठवला होता.

९ मार्च, सोमवार

दार. कोळशात.

हे तिचं आवडतं आणि तिचं वैरी. कोळशाची धूळ उडाली की तिला शिंका सुटतात, तीन-तीन, ओळीने. तरी हट्टाने त्यातच काढते. म्हणते, "काळं व्हायची हौस असेल तर नाकाने कुरकुर करायची नाही."

माझ्या पेल्याखाली तिने काही लिहिलेलं नाही.

११ मार्च, बुधवार

फोन लागत नाही. तिकडचा मनोरा वाऱ्याने नेहमीच पडतो. नेहमीच पडतो.

मेहुणीला विचारलं, "ताईशी बोलणं झालं का?"

"भावोजी, मला काही विचारू नका. मी तोंड उघडलं तर ताई माझं नाव टाकेल."

"म्हणजे काहीतरी आहे."

"म्हणजे मला भाकऱ्या भाजायच्यात. ठेवू?"

हिला एरवी फोन ठेव म्हणून विनवावं लागतं.

१३ मार्च, शुक्रवार

सही केली असणार. नाही म्हणाली असती तर येण्याचा दिवस कळवला असता. दिवस कळवला नाही. म्हणून सही केली. साधं आहे. मेहुणीला ठाऊक आहे, सांगायची हिंमत नाही. तीन वर्षं. एकेक सोमवार करत जातील. सरपंचांकडे शब्द पुष्कळ आहेत.

माझी ओळ तिला उशिरा पोचली असेल. किंवा वेळेवर पोचली आणि पुरली नसेल. एका शब्दाच्या जागी मी पाणी ठेवलं. पंडितच तो.

पेला रोज सकाळी रिकामा करतो, धुतो, भरतो. चित्र केव्हाच झालंय. तरी.

१४ मार्च, शनिवार

कोळशाच्या काड्या आणल्या. दुकानदाराने पातळ कागदात बांधून दिल्या, मी कोटाच्या खिशात टाकल्या, आणि बसमध्ये एक लठ्ठ गृहस्थ माझ्यावर रेलले. घरी येऊन खिशात हात घातला तर नुसता चुरा. किल्ली त्याच चुऱ्यात!

आमचं दार फुगलंय. कुलूप उघडून भागत नाही. कडीच्या वर डावा हात रेटावा लागतो, एका ठरलेल्या जागी, मग ते कण्हत उघडतं. ही जागा दोघांनाच माहीत आहे. तिसरा कुणी आला की खांद्याने धडका देतो आणि आम्ही आतून हसतो. हसायचो.

तर रेटलं. आणि दारावर बाहेरून काळाकुट्ट पंजा! दरोडेखोराने निशाणी ठेवावी तसा. ओल्या फडक्याने पुसायला हवा. उद्या. आज अंगात त्राण नाही.

१५ मार्च, रविवार, दुपार

सकाळपासून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. स्टूल घेऊन दारासमोर बसलोय, आतल्या बाजूने. चुऱ्यातून वेचलेल्या तुकड्यांनी काढतोय. आतून दार म्हणजे काय — कडी, कोट अडकवायची खुंटी, आणि तिने निघताना डकवलेली चिठ्ठी : 'गॅस. किल्ली. गोळी.' चिठ्ठी सोडून बाकीचं आधी करतोय.

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात शिंकताहेत मघापासून. यांची सर्दी काही जात नाही. दुसऱ्यांचे दात उपटणारा माणूस, पण स्वतःच्या नाकापुढे इलाज नाही.

फोन वाजला. तिचं चित्र!

आपलं दार. आपलंच! बाहेरून. पत्रांच्या फटीवरचा अर्धा सोललेला कागद, वरचा तो रिकामा खिळा, उंबऱ्याची फुटलेली कड. सगळं जिथल्या तिथे. कोळसा असा दाबलाय की लाकडाच्या शिरा वर आल्यात.

पहिल्यांदा आनंद झाला, अगदी पोरकट. सापडली! माझी शाल उतरवणारी बाई स्वतः आठवणीतून दार काढते! आणि सफाईसुद्धा गेली हिची — कडीच्या वर एवढा मोठा काळा डाग पाडून ठेवलाय. हात लागला असणार.

मग आनंद ओसरला. माणूस आठवणीतून नेमकं काय काढतो? जिथे परत जायचं नसतं ते. चिठ्ठीसारखं, निरोपाचं. म्हणजे हे तिचं उत्तर. पेल्याला दार. बाहेरून, बंद.

तरी हात शिवशिवलाच. चारचौघांत लिहिलं : 'दार समोर होतं का? होय किंवा नाही.'

लगेच उत्तर.

'होय.'

होय? ती खोटं काढत नाही. शालीएवढंही नाही. आणि लिहीत तर नाहीच. मग हे होय कसलं?

पुन्हा बघतो.

१५ मार्च, लगेच

डाग नाही तो. चार बोटं आणि अंगठा. डावा हात, रेटायच्या जागेवर. कालचा, माझा.

जिन्यात पुन्हा शिंक. दुसरी. तिसरी.

आजचा पेला भरायचा राहिलाय. तो मग. आधी दार.